बाजूच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातातल्या गाडीला ब्रेक मारले. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकाऊ माणूस स्टिअरिंगला असा घट्ट धरून बसायचा की जणू तेच त्याला बुडण्यापासून वाचवणार आहे, आणि हे बाजूच्या सीटवर हाताची घडी घालून, डोळे अर्धे मिटून. पायाशी यांचे स्वतःचे वेगळे क्लच आणि ब्रेक. शिकणाऱ्याला वाटायचं, मास्तरांना डुलकी लागली. मग समोर विजेचा खांब यायचा, खांबाच्या वीतभर अलीकडे गाडी आपोआप थांबायची, आणि मास्तर डोळे न उघडता विचारायचे, "हा खांब कुणी बरं आणून ठेवला इथं?"

सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. हे नाव त्यांना आवडतं, पण तसं ते कबूल करत नाहीत. सवय मात्र हाडात मुरलेली. घरात कुणी पाण्याचा जग जास्त कलता केला, कुणाची जीभ घसरायला लागली, की टेबलाखाली यांचा उजवा पाय दाबला जातो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा दोन्हीकडची माणसं एका टेबलाभोवती बसली होती. माझी आई माझं कौतुक जरा जास्तच वेगात करायला लागली, तेव्हा टेबलाखालून कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला. तो कुणाचा, हे तिला अजून कळलेलं नाही. मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं.

मी दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. समोर बसलेला माणूस बाही वर सारत "आपल्याला काही भीतीबिती नाही हं" म्हणतो, आणि त्याचे पाय खुर्चीखाली मागे मागे सरकतात. तोंड काय वाटेल ते बोलतं, पण पायांना खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे मला माणसाच्या चेहऱ्याआधी पाय बघायची खोड लागली आहे. या खोडीपायीच पुढचं सगळं घडलं, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

मास्तर निवृत्त झाले आणि आमची शिक्षा सुरू झाली. सासूबाई कपाटापासून मागे सरकल्या की "आधी मागे बघ". मी चहा ओतायला लागले की "हळू, वळण आहे". माझा नवरा, म्हणजे त्यांचाच मुलगा, शहाणा. त्याने कामाच्या वेळा बदलून घेतल्या आणि तो या गोष्टीतून बाहेर पडला. सासूबाईंनी थोडे दिवस सहन केलं आणि मग हात टेकले. यांना कुणीतरी शिकाऊ आणून द्या, त्या म्हणाल्या, नाहीतर मीच कुठेतरी शिकायला जाते.

शिकाऊ मिळाले ते गोदामांच्या मागच्या निवाऱ्यात. माणसांनी सोडून दिलेली कुत्री तिथे ठेवतात. कुणी घर बदललेलं, कुणाला बाळ झालेलं, कुणाची हौस फिटलेली. निवारा चालवणाऱ्या बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा असतो की बाई दिसायच्या आधी ऐकू येतात. आम्ही त्यांना किल्लीबाईच म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवशीच आडपडदा न ठेवता सांगितलं. पिंजरे मोजके, आणि कुत्री रोज येतात. ज्याला बरेच दिवस कुणी नेत नाही ते मागच्या रांगेत जातं. मागची रांगही भरली की शनिवारी डॉक्टर इंजेक्शन घेऊन येतात, आणि पिंजरा रिकामा होतो. पण कुणी एखादं कुत्रं काही दिवस आपल्या घरी नेलं, त्याला माणसांत राहायचं वळण लावलं आणि कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळलं, तरीही पिंजरा रिकामा होतो. फक्त कुत्रं जिवंत राहतं.

"म्हणजे शिकाऊ लायसन्स," मास्तर म्हणाले, आणि त्याच दुपारी आम्ही पहिलं कुत्रं घेऊन घरी आलो.

आम्ही म्हणजे मी चालवत आणि ते बाजूला. ड्रायव्हिंग स्कूलने निरोप देताना त्यांना शिकवण्याची जुनी गाडीच देऊन टाकली होती, कारण दोन-दोन ब्रेकवाल्या गाडीला गिऱ्हाईक कुठलं मिळायला. मास्तर आजही त्या गाडीत बाजूच्याच सीटवर बसतात आणि मी चालवते. स्वतःच्या मुलाला शिकवायचं त्यांनी साफ नाकारलं होतं, का तर घरच्या माणसाला गाडी शिकवली की गाडीही राहत नाही आणि घरही. मी बाहेरून शिकून आले होते, म्हणून मी चालले. बाहेर शिकवणाऱ्याने माझी वाट लावली आहे असं त्यांचं मत आहे, आणि ते मत ते मला दर वळणावर पायाने कळवतात.

तर कुत्री येत गेली. मास्तर त्यांना गाडीच्या भागांची नावं द्यायचे. एक होता क्लच. एकदा काही तोंडात पकडलं की सोडायचा नाही, मग तो चेंडू असो की सासूबाईंच्या साडीचा पदर. एक सायलेन्सर, जो नावाला अजिबात जागला नाही. मास्तर त्यांना बसायला, थांबायला, दार उघडलं तरी न पळायला शिकवायचे. कायमचं घर द्यायला माणसं आली की मास्तर त्यांचीच परीक्षा घ्यायचे. दिवसभर घरी कोण असतं? याने चप्पल चावली तर काय कराल? म्हातारा झाला तर? मुलीचा बाप स्थळ बघताना करणार नाही इतकी चौकशी. बहुतेक जण नापास व्हायचे. जो पास व्हायचा त्याच्या हातात मास्तर पट्टा द्यायचे, दोन्ही हात झटकायचे आणि म्हणायचे, "पुढचा." ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक शिकाऊ उतरला की ते हेच म्हणायचे. मागे वळून बघणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला ते थोडं निर्दय वाटायचं. पण इमारतीचा नियम होता, एका घरात एकच कुत्रं. आधीचं गेल्याशिवाय मागच्या रांगेतलं पुढचं येणार कसं? त्यांचं बरोबर होतं.

मग स्टेपनी आली.

स्टेपनी ही म्हातारी, करड्या रंगाची, एका पायाने किंचित लंगडणारी कुत्री. तिला मागच्या रांगेत टाकलं होतं, कारण ती हट्टी होती. हाक मारली तर बघायची नाही, ओरडलं तर हलायची नाही. तिघा जणांनी नेली आणि परत आणून सोडली. मास्तरांनी नाव ठेवलं स्टेपनी, आणि खिडकीतून भर रस्त्यावर त्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "हसा. या वयात यांना स्टेपनी मिळाली हेच नवल."

ती हट्टी नव्हती, बहिरी होती. हा शोध गाडीत लागला. मागच्या सीटवर ती झोपली होती. बाजूच्या ट्रकने कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला, तरी तिने डोळा उघडला नाही. पुढे मी एका सायकलच्या जरा जवळ गेले, मास्तरांनी सवयीने पाय आपटला, गाडी थांबायच्या आधीच मागे स्टेपनी उठून ताठ बसली. मास्तर मागे वळले आणि तिच्याकडे बघत राहिले. गाडी थांबलेली असताना त्यांनी पुन्हा पाय आपटला, तिने मान फिरवली आणि थेट त्यांच्या बुटाकडे बघितलं. जमिनीतून आलेलं तिला कळत होतं.

त्या दिवसापासून दोघांची शाळा पायांवर सुरू झाली. उजवा पाय आपटला की थांब आणि बस. डावा आपटला की चल. फरशीवर, जिन्यात, फुटपाथवर हे चाललेलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने वर येऊन विचारलं, तुमच्याकडे नाच शिकवतात का? स्टेपनी शिकली, आणि इतकी पक्की शिकली की मास्तरांच्या पायाकडे बघत बघत दिवसभर त्यांच्या मागे फिरायला लागली. ते नजरेआड झाले की गळा काढायची. म्हणून ते नजरेआड होईनासे झाले. दाढी करताना दार उघडं ठेवायचे. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर न धरता मांडीवर पसरून वाचायचे. आयुष्यभर चारचौघांना उतरवून "पुढचा" म्हणणारा माणूस हिच्यासाठी आंघोळीलाही घाईत जायला लागला. सासूबाई म्हणाल्या, कानामागून आली आणि तिखट झाली. पण दुपारी त्याच स्वतःच्या ताटलीतली बिस्किटं तिला घालायच्या, हे मी पाहिलंय.

मग एका मंगळवारी किल्लीबाईंचा फोन आला. मागच्या रांगेत एक मोठा काळा कुत्रा आहे, त्याच्या मालकाने गाव सोडताना त्याला फाटकाला बांधून ठेवला होता. अजून कुणाच्या हाताला येत नाही, म्हणून कुणी घेत नाही. त्याला वळण लावू शकेल असा एकच माणूस त्यांना माहीत आहे. शनिवारपर्यंत तुमच्याकडची जागा रिकामी होईल का?

मास्तर दुसऱ्या दिवशी एकटेच निवाऱ्यात जाऊन आले. मी विचारलं, कसा आहे? "माझ्याकडे पाठ करून बसला होता," ते म्हणाले. "सगळ्यांकडेच पाठ करून बसतो म्हणे." मग स्टेपनीला घर बघायला हवं, असं स्वतःच म्हणाले. मला बरं वाटलं.

लोक आले. किल्लीबाईच पाठवत होत्या. पहिला आला तो व्यायामशाळा चालवणारा. त्याला सकाळी सोबत पळायला कुत्रं हवं होतं, ते कळलं असतं तर स्टेपनीलाच हसू आलं असतं. त्याला नापास करण्यात चूक काहीच नव्हती. पण मग एक नवरा-बायको आले. दोघंही निवृत्त शिक्षक, दिवसभर घरी, आवाज मऊ, पूर्वी एक म्हातारं कुत्रं शेवटपर्यंत सांभाळलेलं. मास्तरांच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली. बहिरी आहे म्हटल्यावर बाईंनी तर लगेच पाय आपटून पाहिला, आणि स्टेपनी बसली. मी मनात म्हटलं, झालं, सुटला काळा.

आणि स्टेपनी आडवी झाली. बसल्या जागी कुशीवर पडली, चारही पाय ताठ, जीभ बाहेर. शिक्षक घाबरून उठले. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "होतं असं अधूनमधून. हृदय." शिक्षकबाईंचे डोळे भरून आले. आमचं आधीचं असंच गेलं हो, त्या म्हणाल्या, पुन्हा ते नाही झेपायचं. दोघं गेली. दार लागताच स्टेपनी उठली, अंग झाडलं आणि मास्तरांच्या हातातलं बिस्कीट खाल्लं.

मी मास्तरांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. मी पायांकडे बघत होते. स्टेपनी पडायच्या आधी टेबलाखाली यांच्या डाव्या टाचेने फरशी दोनदा हळूच घासली होती.

थांब, चल, आणि ही तिसरी खूण. इंजिन बंद. माणूस माझ्या घरात राहून, माझ्याच डोळ्यांदेखत, एका म्हाताऱ्या कुत्रीला मरायचं नाटक शिकवतो आणि मला पत्ता नाही. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी संतापही आला. कारण त्या टाचेखाली काळ्याचा गळा होता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर मी नुसती हसले असते.

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, आता त्यांना पकडलंस तर ते चौथी खूण शोधून काढतील. तोंडावर मारलेला माणूस नाटकं वाढवतो. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सुरीचं टोक घेऊन त्याच्या दांडीचा स्क्रू सैल केला, आणि बाहेर येऊन मास्तरांना म्हणाल्या, "चष्मा निखळलाय. दुकानात जाऊन येते."

चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणजे मास्तरांच्या कारकिर्दीतला काळा डाग. या बाईंएवढी वाईट शिकाऊ मास्तरांना आधीही मिळाली नव्हती आणि नंतरही नाही. बाईंना डावं-उजवं कळत नसे. ब्रेक म्हटलं की त्या पाय उचलून शांतपणे नेमका दुसरीकडे ठेवायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्याच पाटीवर घातली, आणि पाटीवर लिहिलं होतं 'सुरक्षित चालवायला शिका'. मास्तरांनी बाजूचा ब्रेक दाबला होता, पण बाईंनी अ‍ॅक्सिलरेटर इतक्या मनापासून दाबला होता की त्या ब्रेकचंही काही चाललं नाही. तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, माझ्यावर आणि रस्त्यावर उपकार करा. चालत जात जा."

सासूबाई स्क्रू बसवून घेऊन परत आल्या. चेहरा असा की दूधही नासणार नाही. शुक्रवारी दुपारी दारावरची घंटा वाजली आणि दारात जाड भिंगांच्या चष्म्यातल्या, हातात थर्मास धरलेल्या त्या बाई उभ्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई चष्मा पुसत होत्या.

बाईंनी बूट काढले, टेबलाशी न बसता खाली फरशीवरच बसल्या. एकट्या राहतात, घराला पायऱ्या नाहीत, दुकान जवळ. कुत्री दिवसभर दुकानात काउंटरखाली त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. दुकानात कुणाला घाई नसते, कारण चष्म्यावाचून घाई करता येत नाही. मास्तरांना विचारायला प्रश्नच उरेनात. मग त्यांनी खरा प्रश्न काढला. ही कुत्री पायाची भाषा जाणते. तुमचे पाय तर, माफ करा, तुमचं ऐकत नाहीत. तुम्ही थांब म्हणाल आणि ती चालायला लागेल. भर रस्त्यात. हे मात्र नुसतं नाटक नव्हतं, त्यात तथ्य होतं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच म्हणालात ना, चालत जात जा. त्या दिवसापासून चालतेच आहे. अजून कुणाला धडकले नाही."

टेबलाखाली डावी टाच दोनदा घासली गेली आणि स्टेपनी आडवी झाली. चार पाय ताठ, जीभ बाहेर.

"हृदय," मास्तर म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि स्टेपनीशेजारी फरशीवर आडव्या झाल्या, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. "दमली असेल," त्या म्हणाल्या. "मी थांबते. चालत आलेय, मला परत जायची घाई नाही." पडल्या पडल्याच त्यांनी थर्मासचं झाकण उघडून थोडा चहा ओतला. सासूबाईंनी न सांगता बशीत बिस्किटं आणली आणि बरोबर दोघींच्या मध्ये ठेवली. या बाबतीत सासूबाईंना कुणी हात धरणार नाही.

स्टेपनीची एक नाकपुडी हलली. मग शेपटीचं टोक. मास्तरांनी टाच पुन्हा घासली. तिने शेपूट आवरलं. पण डोळे बशीवरून मास्तरांच्या पायाकडे आणि पायाकडून बशीकडे असे फिरत होते की मेलेल्याने असे डोळे फिरवलेले मी दवाखान्यातसुद्धा पाहिलेले नाहीत. टाच तिसऱ्यांदा सरकायला लागली तेव्हा मी टेबलाखाली माझा पाय त्यांच्या पायावर ठेवला आणि दाबला.

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पायांना वाकून हात लावलाय, त्यांच्या पायावर पाय देण्याची माझी ही पहिली वेळ. ते माझ्याकडे बघेनात.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "उद्या शनिवार."

"मला वार कळतात, सूनबाई."

"मग?"

ते इतक्या हळू बोलले की ते मलाच ऐकू आलं. "ती माझ्याकडे बघते गं. सगळे शिकाऊ रस्त्याकडे बघतात. बघायलाच पाहिजे. आजवर शिकवताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ही बघते."

मला रडू फुटायला आलं होतं, आणि तरीही मी पाय काढला नाही. त्यांचं दुःख मला खरं वाटलं. काळ्याची पाठही मला खरीच वाटत होती.

स्टेपनी मेलेलीच होती, बाई तिच्या कानामागे खाजवत होत्या.

"काढ पाय," शेवटी मास्तर म्हणाले.

मी काढला. कुठली टाच, कुठला पाय, काहीही होऊ शकलं असतं. माझे स्वतःचेच पाय खुर्चीखाली मागे गेले होते, हे मला नंतर जाणवलं.

त्यांनी डावा पाय उचलला आणि एकदा, स्वच्छ, आपटला. चल.

स्टेपनी उठली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बशीतलं बिस्कीट उचललं, मग बाईंकडे पाहिलं. मास्तर खुर्चीतून उठून खाली बसले आणि तासभर बाईंना शिकवत राहिले. हा उजवा, हा डावा. बाई प्रत्येक वेळी चुकल्या. मास्तरांनी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून पाहिला, तरी बाई चुकल्या. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन हसून आल्या. शेवटी मास्तर म्हणाले, तुम्ही घरी सराव करा, मी पास केलेलं नाही, सरावाला पाठवतोय. पट्टा बाईंच्या हातात दिला. पण हात झटकले नाहीत आणि "पुढचा" म्हणाले नाहीत. दार लागल्यावर दाढीचं सामान घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

शनिवारी आम्ही निवाऱ्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांची गाडी फाटकात उभी होती. किल्लीबाई आधीच वाट बघत होत्या. काळा पिंजऱ्यात पाठ करून बसला होता. मास्तर त्याच्या पिंजऱ्यासमोर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसले. माणूस वेडा झाला की काय, म्हणून डॉक्टर बघायला आले. बऱ्याच वेळाने काळ्याने मान वळवली आणि त्यांच्या कोटाचा वास घेतला. कोटाला स्टेपनीचा वास होता. गाडीत चढवताना तो पाय रोवून मागे मागे जायला लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, रिव्हर्स. एवढंच. नाव ठरलं.

परतीच्या वाटेवर मी दोन सायकलींच्या मधून गेले, एका बसच्या मागे नको तितकी चिकटले, एका वळणावर मुद्दाम उशिरा ब्रेक लावला. बाजूच्या सीटवरचा पाय हलला नाही. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. इतकी वर्षं ज्या पायाला मी शिव्या देत आले, तो पाय हलावा म्हणून मी शेवटी भर चौकात चुकीचा गिअर टाकला. तरी नाही.

पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. समोरच्या फुटपाथवर चष्मेवाल्या बाई आणि स्टेपनी उभ्या होत्या, रस्ता ओलांडायच्या तयारीत. एक मोटारसायकल सिग्नल तोडून भरधाव वळली. बाजूच्या सीटवर पाय धाडकन आपटला. आमची गाडी तर उभीच होती. तिकडे बाईंनीही पाय आपटला. डावा.

स्टेपनीने बाईंच्या पायाकडे पाहिलं. मग मान वर करून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आणि बसली. मोटारसायकल निघून गेली.

मास्तर काच खाली करून बघत होते. "पाय चुकला," ते म्हणाले. "पण थांबली ना. पास."

सिग्नल हिरवा झाला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, क्लच सुटला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. रिव्हर्सने दचकून मास्तरांच्या सीटमागे तोंड खुपसलं. मास्तरांनी मागे हात नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला, नाक ओढलं आणि उजवा पाय पुन्हा आपल्या ब्रेकवर नीट बसवला.

"चला, सूनबाई," ते म्हणाले. "पुढचा मागे बसलाय."